रंग कुणी चढवला?

मैत्रिणीने जपानहून आणलेली निळी लोखंडी किटली आमच्या काकूंनी थेट गॅसवर चढवली. लोखंडाचीच तर आहे, तव्याची बहीण, असा त्यांचा हिशोब. पाच-दहा मिनिटांत आतला काचेसारखा थर तडकला आणि घरात पंचायत बसली. काकूंचं म्हणणं, वस्तूच नकली. खरी जपानी असती तर चुलीवर शंभर वर्षं टिकली असती. मैत्रिणीचं म्हणणं, ही पाणी उकळायची किटली नाहीच, चहा मुरवायची आहे. वाद चहाबरोबर संपला, पण 'खरी जपानी' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. कारण हाच वाद जपानमध्ये, जरा सभ्य भाषेत, गेली दीडशे वर्षं चालू आहे. जुन्या हातोटीने घडवलेली पण नव्या घाटाची, नव्या रंगाची धातूची वस्तू परंपरेत मोजायची की नाही? आणि सरकारने पैसा नि मान द्यायचा तो कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. घाट जुना की नवा, हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. घाट नेहमीच गिऱ्हाइकाने ठरवला आहे. जपायची असते ती कामाची साखळी, आणि त्यातही तिची सगळ्यात कमकुवत कडी.

आधी किटलीचंच बघू. हे नान्बू लोखंडकाम जपानच्या ईशान्येकडच्या मोरिओकाचं. सतराव्या शतकात तिथल्या नान्बू सरदारांनी क्योतोहून ओतारी बोलावले, ते चहासमारंभात पाणी तापवायची मोठी भांडी ओतायला. त्या भांड्याला चोच नव्हती, वरची मूठ नव्हती. पाणी पळीने काढायचं. अठराव्या शतकात कोइझुमी घराण्यातल्या तिसऱ्या निझाएमोनने ते भांडं लहान केलं, त्याला चोच काढली, वर कडी बसवली. ती झाली तेत्सुबिन. म्हणजे ज्या काळ्या, गारांसारख्या ठिपक्यांच्या किटलीला आज आपण अस्सल म्हणतो, ती मुळात एका थोर वस्तूची सुटसुटीत, घरगुती आवृत्ती आहे. ते ठिपकेही कुणी किटलीवर कोरत नाही. मातीचा साचा ओला असताना त्याच्या आतल्या बाजूने एकेक ठिपका दाबून उमटवायचा, ओळ न चुकता. ओतल्यानंतर कोळशाच्या भट्टीत किटली लाल होईपर्यंत भाजायची, म्हणजे आतून गंजाला अडवणारा पापुद्र्यासारखा थर तयार होतो. बाहेरून लाखेचा हात, मग चहा आणि लोखंडाचं पाणी.

१९९०च्या दशकात पॅरिसच्या चहा विक्रेत्यांना हवी होती लाल, निळी, हिरवी किटली. मोरिओकाकडच्या ओताऱ्यांनी ती दिली, आतून एनॅमलचा लेप देऊन, म्हणजे पानांच्या चहाला लोखंडाची चव लागू नये. ठिपके तेच, ओतकाम तेच. काकूंच्या दृष्टीने ही भेसळ. मला ती निझाएमोनच्या चोचीची पुढची पायरी वाटते. एक गोष्ट मात्र काकूंच्या बाजूने नोंदवायला हवी: त्या लेपामुळे भट्टीत भाजून गंज रोखण्याची ती अवघड पायरी गळते. चोच लावताना कसब वाढलं होतं. लेप लावताना एका ठिकाणी ते कमी झालं. फरक मोजायचा तर इथे मोजावा, रंगात नव्हे.

आता जरा मागे जाऊ, कारण या सगळ्याची कसोटी लागली ती १८७६ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये मेइजी, म्हणजे सम्राटाच्या नावाने आलेल्या नव्या सरकारने सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. लष्कर, पोलीस आणि समारंभाचा पोशाख एवढीच सूट. त्याच वर्षी सामुराईंचे वंशपरंपरागत तनखेही मोडीत निघाले. तलवारीचं पातं घडवणारे लोहार सगळ्यांना आठवतात. पण तलवारीभोवती धातूचं नाजूक काम करणारी माणसं होती. मूठ आणि पातं यांच्यामधली चकती म्हणजे त्सुबा, मुठीवर बसवायचे छोटे दागिने, म्यानाला अडकवायच्या सुरीची मूठ. चार बोटं रुंद जागेत पाऊस, बगळा, बांबू, चंद्र बसवणारे हे लोक. गिऱ्हाईकही गेलं आणि गिऱ्हाइकाचा पैसाही.

या लोकांकडे जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल अशी एक गोष्ट होती: धातूचे रंग. तांब्यात शेकडा तीन-पाच भाग सोनं मिसळलं की शाकुदो होतो. ओतल्यावर तो तांब्यासारखाच दिसतो. एवढं सोनं घालून काय मिळवलं, असं वाटावं. मग तो तुकडा घासून लख्ख करायचा, किसलेल्या मुळ्याचा रस चोळायचा आणि तांब्याच्या क्षारांच्या पाण्यात उकळायचा. हळूहळू त्यावर निळसर काळा रंग चढतो. जपानी माणूस त्याला भिजलेल्या कावळ्याच्या पंखाची उपमा देतो. शिबुइची म्हणजे शब्दशः 'चारातला एक': तांब्यात साधारण चौथा हिस्सा चांदी. त्याच पाण्यात तो धुरकट राखाडी होतो, ढगाळ संध्याकाळीसारखा. नुसतं तांबं त्याच पाण्यात तांबूस तपकिरी होतं, सोनं आहे तसंच राहतं. म्हणजे चार धातू एकमेकांत जडवून एकदाच उकळले की चित्र आपोआप चार रंगांत उघडतं. वरून काहीही फासलेलं नाही. मुळा का, तर रस चोळला की रंग सारखा चढतो, डाग पडत नाहीत. शेतातली वस्तू आणि सोनं एकाच पातेल्याभोवती.

हे कसब तलवारीसाठी वाढलं होतं. तलवार गेल्यावर ते फुलदाण्या, उदबत्तीची पात्रं, डब्या आणि पक्ष्यांच्या मूर्ती यांत शिरलं. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) हे त्यातलं मोठं नाव. तलवारीचा साज घडवणारा हा माणूस नव्या सरकारच्या नाण्यांचे नमुने कोरून बसला आणि पुढे तोक्योच्या ललितकला विद्यालयात प्राध्यापक झाला. एका अर्थी रोज हजारो खिशांत त्याचं काम खुळखुळत होतं. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी वस्तूंचं कौतुक झालं आणि पुढच्याच वर्षी सरकारच्या पाठबळाने किर्यू कोशो काइशा ही निर्यात कंपनी निघाली. तिने कारागिरांना काम दिलं, आराखडे दिले, परदेशी बाजार दिला.

आजचे शुद्धतावादी जर १८७६ मध्ये असते, तर त्यांनी काय केलं असतं? फुलदाणीला 'तलवारीच्या कामाचा ऱ्हास' म्हटलं असतं आणि त्सुबा बनवणाऱ्याला प्रमाणपत्र देऊन उपाशी ठेवलं असतं. शाकुदोचं पातेलं तेव्हाच थंड झालं असतं.

पण दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे. निर्यातीच्या त्या काळात जपानी धातुकाम अनेकदा भरजरी, घुसमटलेलं झालं. युरोपच्या दिवाणखान्याला 'पूर्व' हवी होती, म्हणून फुलदाणीला ड्रॅगन, ड्रॅगनला लाटा, लाटांना फेस. एक इंच रिकामा नाही. ज्या लोकांनी चार बोटांच्या चकतीत मोकळं आकाश ठेवलं होतं, त्यांचेच हात हे करत होते. फॅशन फिरली, ती कंपनीही १८९१ मध्ये बंद पडली. तेव्हा बाजार म्हणेल ते, हे उत्तरही पुरेसं नाही.

त्याच काळातली एक वस्तू मात्र दोन्ही बाजूंची तोंडं बंद करते: सुझुकी चोकिची या धातुकारागिराचे बारा ससाणे. १८९३च्या शिकागो प्रदर्शनासाठी हायाशी तादामासा या कलाव्यापाऱ्याने ते करवून घेतले. खऱ्या आकाराचे बारा ससाणे, प्रत्येकाची बसण्याची ढब वेगळी, पिसांचा रंग वेगवेगळ्या मिश्रधातूंतून आणि रंग चढवण्यातून काढलेला. काम कित्येक वर्षं चाललं आणि चोकिचीच्या हाताखाली मोठी टोळी होती. ससाणा हा सामुराईंचा जुना आवडता विषय; पण तलवारीच्या साजावरचा नखाएवढा ससाणा इथे फांदीवर येऊन बसला आहे, आणि तोही अमेरिकेतल्या जत्रेसाठी. हे परंपरा म्हणून मोजायचं की निर्यातीचा माल म्हणून? आज तो संच कानाझावाच्या राष्ट्रीय कारागिरी संग्रहालयात आहे आणि सरकारने त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आहे. बाजाराचा माल सव्वाशे वर्षांत वारसा झाला.

मुळात 'कला' आणि 'कारागिरी' ही फाळणीही जपानला बाहेरून मिळाली. बिजुत्सु, म्हणजे ललितकला, हा शब्दच व्हिएन्ना प्रदर्शनाच्या कागदपत्रांचं भाषांतर करताना घडवला गेला. शब्द आला, मागून उतरंड आली. १९०७ मध्ये सरकारी कलाप्रदर्शन सुरू झालं तेव्हा त्यात चित्रं होती, शिल्पं होती. धातू, लाख, माती यांना दार बंद. ते उघडायला १९२७ उजाडलं. वीस वर्षं ज्या माणसाने शाकुदोत पाऊस पाडला तो कलावंत नव्हता आणि पॅरिसला जाऊन तैलरंग शिकून आलेला होता.

या रागातून ताकामुरा तोयोचिकासारखे लोक उभे राहिले. वडील ताकामुरा कोउन मोठे शिल्पकार, भाऊ कोतारो कवी आणि शिल्पकार; तोयोचिका ओतारी. १९२६ मध्ये त्याने मित्रांबरोबर एक गट काढला, नाव मुकेई: साचा नसलेले, घाट नसलेले. ओताऱ्याने स्वतःला बिनसाच्याचा म्हणवणं यात एक खट्याळपणा आहे. त्या काळातल्या युरोपच्या भूमितीच्या वाऱ्यावर त्याने सरळ रेषा, वर्तुळं आणि चौकोन यांची फुलदाणी ओतली, जणू फुलांसाठी बांधलेली छोटी इमारत. तेव्हा अनेकांना ती जपानीच वाटली नसेल. त्याच तोयोचिकाला १९६४ मध्ये सरकारने ओतकामाचा 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरवलं. बंडखोर अडतीस वर्षांत ठेवा झाला, तोही ज्या साच्याला त्याने नावापुरता नकार दिला होता त्याच साच्याच्या कामासाठी.

इथे सरकारी मानाकडे येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. जपानमध्ये दोन वाटा आहेत. एक, सांस्कृतिक वारशाच्या कायद्याखाली मोठ्या कारागिराला मिळणारा हा 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' सन्मान. वर्षाला २० लाख येन, आणि एका वेळी साधारण ११६ माणसांपुरती सोय. दुसरी, १९७४चा पारंपरिक कारागिरी उद्योगांचा कायदा. त्याची अट अशी की वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताने व्हायला हवं, तंत्र आणि साहित्य पारंपरिक हवं, म्हणजे ढोबळमानाने १०० वर्षांपासून चालत आलेलं. शिवाय त्या भागात काही प्रमाणात लोक ते काम करणारे हवेत; सर्वसाधारण मोजमाप १० कारखाने किंवा ३० माणसं. नान्बूचं लोखंडकाम आणि ताकाओकाचं तांबं-पितळेचं काम या यादीत १९७५ पासून आहेत.

दोन्ही वाटा वाईट नाहीत. उलट आपल्याकडे असं काही असतं तर, असं वाटावं इतक्या बऱ्या आहेत. पण पहिली वाट एका माणसाला हार घालते आणि दुसरी डोकी मोजते. यातली कुठलीच वाट हे विचारत नाही की त्या तीस डोक्यांत रंग चढवणारे किती उरले.

ताकाओका हे तोयामा प्रांतातलं गाव याचं बोलकं उदाहरण आहे. (बारा ससाणे करवून घेणारा हायाशी तादामासा इथलाच, हे मला फार उशिरा कळलं.) १६११ मध्ये माएदा तोशिनागा या सरदाराने सात ओतारी इथे आणून वसवले, त्यांच्या आळीला आजही कानायामाची म्हणतात. सुरुवात नांगराचे फाळ आणि कढयांपासून. मग देवघरातली उपकरणी, घंटा, फुलदाण्या, चौकातले पुतळे. देशातलं तांब्या-पितळेचं बहुतेक ओतकाम याच गावातून होतं. पण गावात एकही माणूस वस्तू 'बनवत' नाही, असं म्हटलं तरी चालेल. एक मूळ नमुना करतो, एक ओततो, एक कानस-छिन्नीने साफ करतो, एक कोरतो किंवा जडवतो, शेवटचा रंग चढवतो. रंग चढवणाऱ्याचं काम म्हणजे स्वयंपाकघर आणि रसायनशाळा यांचं मिश्रण: तांदळाच्या कोंड्याचं मिश्रण फासून भाजणं, व्हिनेगर, लोखंड आणि चहाचा अर्क, मुळा, कधी नुसती आच. वस्तू हातगाडीवरून एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि कुणाचंच नाव तिच्यावर नसतं.

जपानी घरांतून मोठी देवघरं कमी होत गेली तशी मागणी आटली. साखळीत एक दार बंद झालं की पुढचं दारही बंद होतं. ओतारी कितीही थोर असो, रंग चढवणारा नसेल तर त्याची मूर्ती पिवळीधमक, भाजीबाजारातल्या वजनासारखी उरते.

आणि गावाने उत्तरं शोधली ती कडीकडीने. १९१६ पासूनचा नोसाकू हा ओतकामाचा कारखाना देवघराची उपकरणी कच्ची ओतून घाऊक व्यापाऱ्यांना देत असे. घरात जावई म्हणून आलेला, आधी वर्तमानपत्रात छायाचित्रकार असलेला माणूस पुढे मालक झाला. त्याने पितळेची हातघंटी काढली, ती फारशी चालली नाही. दुकानातल्या विक्रेतीने सुचवलं म्हणून तीच वाऱ्यावर वाजणारी टांगती घंटा केली आणि ती धडाधड खपली. मग शंभर टक्के कथिलाची भांडी. कथील म्हटलं की आपल्याला कल्हईवाला आठवतो. एकट्या कथिलाचं भांडं मऊ पडतं, हाताने वाकतं. बाकी सगळे त्याला दोष मानत होते. याने वाकणारी टोपली विकली. त्याच गावातल्या ओरी या १९५० पासून रंग चढवणाऱ्या घराण्याच्या तिसऱ्या पिढीने आणखी धाडस केलं: जाड ओतीव मूर्तीवर चढणारे रंग एक मिलिमीटरहून पातळ तांब्याच्या पत्र्यावर चढवायची रीत शोधली. एरवी तेवढ्या आचेत पत्रा वाकडा होतो. आता तो निळा-हिरवा पत्रा भिंतींवर, टेबलांवर, घड्याळांत जातो.

मला या दोन उदाहरणांतलं दुसरं अधिक मोलाचं वाटतं, आणि गंमत म्हणजे बातम्या पहिल्याच्या जास्त होतात. कथिलाची टोपली ओताऱ्याला जगवते. पण तिला रंग नको असतो, कोरणाराही नको असतो. साखळीतली दोन दारं तिला ओलांडावीच लागत नाहीत. ओरीचा पत्रा मात्र नेमक्या त्या दाराला काम देतो जे सगळ्यात आधी बंद पडणार होतं. दोन्ही वस्तू आधुनिक, दोन्ही सुंदर. सार्वजनिक पैसा द्यायचा तर मी दुसऱ्या जातीच्या कामाला आधी देईन, आणि त्याचा घाट शंभर वर्षं जुना आहे का हे विचारणारही नाही.

मग यंत्राने केलं तरी चालेल का, असा पुढचा प्रश्न येतो. संगणकावर नमुना काढा, यंत्राकडून कोरून घ्या, काय बिघडलं? माझी कसोटी साधी आहे: नवी वस्तू करणाऱ्या हाताला वेळ आली तर जुनी करता येते का. १९४१ मध्ये जपानी सरकारने युद्धासाठी धातू गोळा करायचा हुकूम काढला, देशभरच्या देवळांच्या घंटा वितळल्या. तोक्योच्या शिबुया स्थानकाबाहेरचा हाचिको कुत्र्याचा पुतळासुद्धा सुटला नाही. तो १९४८ मध्ये नव्याने उभा राहिला. युद्धानंतर देवळांना घंटा पुन्हा हव्या झाल्या आणि त्या ओतता आल्या, कारण मधल्या पिढ्यांत ते हात दुसरं काहीतरी ओतत राहिले होते. फुलदाण्या म्हणा, राखपात्रं म्हणा. ज्या नव्या वस्तूने हात असा सरावात राहतो ती मला परंपरेत मान्य आहे, मग ती गुलाबी का असेना. जिने हाताला फक्त बटण दाबायला शिकवलं ती नाही, मग तिच्यावर फुजी पर्वत कोरलेला असला तरी.

पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कोकणातून पेशवाईत आलेल्या तांबटांनी बंब, घंगाळं, हंडे घडवले. मठारकामाच्या हातोडीचे ते एकसारखे ठसे म्हणजे शोभाही आणि पत्र्याला बळकटीही. जपानच्या त्सुबामे गावात १८१६ पासून अगदी असंच तांबं ठोकून किटल्या होतात, काही तर चोचीसकट एकाच पत्र्यातून. मठार ओळखणाऱ्या माणसाला ती किटली हातात घेतल्यावर परकी वाटणार नाही. बंब गेले, गॅसचा गीझर आला. आळीतलं मठारकाम आता दिव्यांच्या झुंबरांवर, सुरया-पेल्यांवर दिसतं आणि त्यावर 'हे काय तांबटाचं काम' म्हणून नाक मुरडणारेही दिसतात. त्यांना मी विचारतो, तुमच्या घरचं घंगाळ कुठे आहे? आमच्याकडचं अंगणात आहे, त्यात तुळस लावली आहे.

शेवटी 'डिझाइनर वाचवतील' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. चांगला डिझाइनर गिऱ्हाईक आणतो, हे खरं. पण त्याच्याबरोबर डब्यावर त्याचं नाव येतं, आणि रंग चढवणारा तसाच निनावी राहतो जसा तो सरदारांच्या काळात होता. सन्मानही तसाच व्यक्तीला मिळतो. चांदी ठोकून घडवणाऱ्या ओसुमी युकिए २०१५ मध्ये धातुकामातल्या पहिल्या स्त्री 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' झाल्या, जडावकाम करणारे नाकागावा मामोरू २००४ मध्ये झाले; दोघांनीही जुनी तंत्रं घेऊन वारा, लाटा, ढग असे ओळखू येतील न येतील असे आकार केले आहेत, आणि त्यांच्या मानाबद्दल मला काडीचीही तक्रार नाही. मी म्हणतो ते एवढंच की ११६ जणांच्या यादीत कोंडा फासून भाजणाऱ्या, कानस मारणाऱ्या, साच्याची माती मळणाऱ्या गटांसाठीही जागा ठेवावी. पंचवीस वर्षांच्या मुलाला शिकाऊ म्हणून पाच वर्षं पगार द्यायला लागणारा पैसा त्या दुकानाकडे नसतो. तो सरकारने द्यावा, आणि त्या पाच वर्षांत त्या मुलाने फुलदाणी केली की भिंतीचा पत्रा केला, यात लक्ष घालू नये. घरात जावई म्हणून आलेला छायाचित्रकार ओतारी होऊ शकतो, तर बाहेरून येणारे आणखीही असतील. त्यांना महिन्याच्या शेवटी घरभाडं भरता आलं पाहिजे.